विनोदी पंक-फंक बँडची परीक्षणे कशी वाचावीत, आणि विनोद कमी करावा का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, तुमचा चौघांचा स्वतंत्र बँड पंक-फंक वाजवतो, गाण्यांत विनोद भरपूर असतो, आणि दुसऱ्या अल्बमवर आलेली परीक्षणे प्रेमाने लिहिलेली असली तरी ‘धमाल’, ‘खोडकर’, ‘पार्टीसाठी उत्तम’ या शब्दांच्या पुढे जात नाहीत. दोघांनी ‘गंमत दुसऱ्यांदा ऐकताना ओसरते’ असे म्हटले आहे. बेस आणि ड्रमवर तुम्ही सर्वाधिक मेहनत घेतलीत, त्यांच्यावर मात्र कोणी एक वाक्यही खर्च केलेले नाही. म्हणून पुढच्या अल्बममध्ये विनोद कमी करावा का, आणि ही परीक्षणे कितपत मनावर घ्यावीत, असे तुम्ही विचारता. मी बरीच वर्षे संगीतावर लिहिते आहे, इतरांची परीक्षणे संपादित करते आहे, आणि या संगीतप्रकारावर माझा मनापासून जीव आहे, त्यामुळे विस्ताराने उत्तर देते. विनोद कमी करू नका, हे आधीच सांगून टाकते. तो किती आहे यापेक्षा गाण्यात तो कोणत्या जागी घडतो, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. आणि परीक्षकांनी जे लिहिले आहे त्यातला काही भाग त्यांच्या सवयीचा आहे, तर काही भाग तुमच्या रेकॉर्डिंगने त्यांच्या हाती दिलेला आहे.

पंक-फंकमधला विनोद शब्दांत असतो, ही समजूत इतकी रूढ आहे की बँडमधले लोकही ती मान्य करून बसतात. फंकची घडण अमेरिकी गायक जेम्स ब्राउनने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून बसवली: सगळ्या बँडने पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, एकत्र उतरायचे आणि उरलेल्या मात्रांत प्रत्येक वाद्याने आपला छोटा तुकडा न बदलता वाजवत राहायचे. पंकची रीत वेगळी होती. त्यात घाई होती, साधने तुटपुंजी होती आणि गायक गाण्याऐवजी सांगत होता, ओरडत होता, हुज्जत घालत होता. १९७८ ते १९८१ या काळात लीड्स, ब्रिस्टल, मँचेस्टर आणि न्यूयॉर्कमधल्या बँडनी या दोन्ही रीती एका गाण्यात आणल्या, तेव्हा ठेका शरीराला नाच म्हणून सांगू लागला आणि आवाज त्याच नाचणाऱ्याशी वाद घालू लागला. ही विसंगती पहिला शब्द उच्चारला जाण्याआधीच तयार झालेली असते. हसू फुटते ते याच फटीतून, आणि म्हणून या संगीतातला विनोद आधी लयीचा असतो, नंतर भाषेचा.

एक उदाहरण जवळून पाहू. लीड्सच्या डेल्टा ५ या बँडचे ‘माइंड युअर ओन बिझनेस’ हे गाणे १९७९ मध्ये रफ ट्रेड या स्वतंत्र लेबलने काढले. या बँडमध्ये दोन बेस गिटार होत्या. गाण्यातला निवेदक एकामागून एक मागण्या करतो: तुझ्या आइस्क्रीमची चव घेऊ का, तुझ्या टेबलावरचा चुरा चाटू का, तुझ्या संकटात ढवळाढवळ करू का, आणि त्याला दर वेळी नकार मिळतो. कागदावर वाचले तर ओळी बऱ्या आहेत, एवढेच. पण गाण्यात तिन्ही मागण्या त्याच सपाट सुरात आणि ठेक्याच्या त्याच जागी येतात, त्यामुळे आइस्क्रीम आणि संकट यांचे वजन सारखे होऊन जाते. विनोद तो आहे, आणि तो सुरावटीने केलेला आहे. बेस एका क्षणासाठीही थांबत नाही, कोणी डोळा मिचकावत नाही, ‘आता हसा’ अशी खूण कुठेच नाही. मिनिटाला १२० ठोके या गतीत एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. नकार तेवढ्याने आधी आला तर ते भांडण वाटेल, तेवढ्याने उशिरा आला तर उत्तर देणाऱ्याला विचार करावा लागला असे वाटेल. विनोदी नटाला जो अंदाज वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून येतो, तो इथे ड्रमर आणि बेसवादक यांच्या हातात असतो.

शब्द पूर्णपणे वगळूनही हा विनोद टिकतो, याचा पुरावा पिगबॅगने दिला. चेल्टनहॅमच्या या बँडमध्ये सायमन अंडरवुड हा बेसवादक होता, आणि तो द पॉप ग्रुप या अत्यंत गंभीर, राजकीय वृत्तीच्या ब्रिस्टलच्या बँडमधून आला होता. ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू पिगबॅग’ हे त्यांचे वाद्यगीत १९८१ मध्ये वाय रेकॉर्ड्स या छोट्या लेबलवर आले, आणि १९८२ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. शीर्षकात जेम्स ब्राउनच्या १९६५ च्या गाण्यावर कोटी आहे, पण ती वाचली नाही तरी बिघडत नाही. तालवाद्यांच्या तणावातून ब्रासचा, म्हणजे पितळी सुषिरवाद्यांचा, तो ढोबळ, अवाजवी आत्मविश्वासाचा तुकडा उसळून येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा आपोआप उजळतो. पुढे फुटबॉलच्या प्रेक्षागारांत हजारो लोक तो तुकडा गाऊ लागले. बँड १९८३ मध्ये फुटला आणि पिगबॅगची ओळख ‘त्या एका गमतीदार गाण्याचा बँड’ एवढीच उरली. त्यांच्या अल्बममध्ये जॅझ होते, आफ्रिकी तालांचा अभ्यास होता. पण एकदा हसवलेल्या बँडला दुसऱ्या कुठल्या कारणासाठी ऐकायचे, ही सवयच समीक्षेला नव्हती.

ही सवय का लागली नाही, याची कारणे तुम्हाला माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण तुमच्या परीक्षणांमागेही तीच आहेत. रॉकसमीक्षा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आली (‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक १९६७ चे), आणि तिच्या पहिल्या पिढीतले बरेच लेखक साहित्याच्या वाचनातून आलेले होते. गाण्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची तर त्यातल्या शब्दांना काव्याचा मान द्यावा लागतो आणि गायकाच्या प्रामाणिकपणाची ग्वाही द्यावी लागते, असे त्यांना वाटले, आणि त्या काळात त्यामागे कारणही होते. पण त्या मापाने मोजताना नाचायचे संगीत आणि हसायचे संगीत ही दोन्ही खालच्या पायरीवर गेली. पंक-फंकमधला विनोदी बँड हे दोन्ही एकदम करतो, म्हणजे त्याच्यावर हा नियम दुहेरी लागू होतो.

दुसरे कारण फार साधे आहे आणि संपादनाच्या टेबलावर ते रोज दिसते. दोनशे शब्दांत परीक्षण लिहायचे असते. गाण्यातली विनोदी ओळ अवतरणचिन्हांत टाकता येते. बेसचा तुकडा अवतरणात टाकता येत नाही. तो वर्णन करून सांगावा लागतो, त्यासाठी तो चार वेळा ऐकावा लागतो आणि मग ‘दुसऱ्या मात्रेच्या मागे रेंगाळणारा’ असा काहीतरी शब्दप्रयोग घडवावा लागतो. परीक्षण मुदतीत द्यायचे असते, मोबदला तुटपुंजा असतो, आणि विनोदी ओळ समोर तयार असते. परीक्षक आळशी आहेत असे माझे म्हणणे नाही. मुदतीच्या रेट्यात लेखणी जिथे वाट सोपी असेल तिथे वळते, आणि तुमच्या गाण्यांत ती वाट शब्दांकडे जाते.

तिसरे कारण अधिक अवघड आहे आणि त्यावर मला थोडे थांबायचे आहे. विनोद कोण करतो आहे यावरून समीक्षेने त्याला वेगवेगळी नावे दिली आहेत. जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिकने १९७० च्या दशकात अंतराळयान, विदूषकी पोशाख, आणि नाचायला ठाम नकार देणारा सर नोज हा खलनायक असे एक अख्खे विश्व रचले. ‘मदरशिप कनेक्शन’ हा अल्बम १९७५ चा आहे. त्या विश्वात कृष्णवर्णीय माणसाला अंतराळाच्या कल्पनेत मानाची जागा देणे हा गंभीर विचार होता, पण तो हसत-नाचत मांडल्यामुळे दीर्घकाळ त्याकडे तमाशा म्हणून पाहिले गेले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये हा समूह १९९७ मध्ये गेला. याउलट लीड्सचा गँग ऑफ फोर हा बँड कलाशिक्षणाच्या वातावरणातून आला होता. त्यांच्या १९७९ च्या ‘एंटरटेनमेंट!’ या पहिल्याच अल्बममधल्या उपरोधाला सुरुवातीपासून राजकीय विचार म्हणून वाचले गेले. तो अल्बम थोर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही गोऱ्या तरुणाने चेहरा कोरा ठेवून केलेला विनोद ‘भाष्य’ ठरतो आणि कृष्णवर्णीय कलावंताने अंग झोकून केलेला विनोद ‘करमणूक’ ठरतो, ही विभागणी मला नेहमी अन्यायाची वाटत आली आहे. लॉस एंजेलिसच्या फिशबोन या बँडने तिची किंमत मोजली: स्का (जमैकातले नाचाचे संगीत), पंक आणि फंक एकत्र घुसळणाऱ्या या कृष्णवर्णीय तरुणांच्या प्रत्यक्ष मैफलींची कीर्ती मोठी होती, त्यांच्यापासून शिकलेले बँड पुढे प्रचंड गाजले, पण त्यांना कोणत्या खान्यात बसवायचे हे ना कंपनीला ठरवता आले ना समीक्षेला.

एकाच हातांनी वाजवलेल्या संगीताचेही असे दोन निकाल लागतात. न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्स या बँडचा ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम १९८० चा. त्यात बेस टीना वेमाउथचा आणि ड्रम ख्रिस फ्रांत्सचा आहे, आणि तो आजही कलाकृती म्हणून अभ्यासला जातो. पुढच्याच वर्षी या दोघांनी टॉम टॉम क्लब या नावाने जो अल्बम केला त्यात तोच लवचीक ठेका आहे, पण वर खेळकर, बालगीतासारखी गाणी आहेत, म्हणून त्याची नोंद मुख्य कामाच्या बाजूची गंमत अशी झाली. त्यातल्या ‘जीनियस ऑफ लव्ह’चा ठेका मात्र इतर संगीतकारांनी कधी सोडला नाही, १९९५ मध्ये मारिया कॅरीच्या ‘फँटसी’ने तो जगभर पोहोचवला. वाजवणाऱ्यांनी त्याचे मोल ओळखले होते, लिहिणाऱ्यांना मात्र उशीर लागला.

विनोदी पंक-फंकला समीक्षेने मनापासून दाद दिली असेही घडले आहे, आणि ते कधी घडले हे पाहण्यासारखे आहे. एलसीडी साउंडसिस्टमचे ‘लूझिंग माय एज’ हे २००२ चे जवळजवळ आठ मिनिटांचे गाणे एका वय वाढत चाललेल्या रेकॉर्डवेड्या माणसाचे स्वगत आहे. आपण प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी हजर होतो असा दावा तो करत राहतो, आणि शेवटी नुसती बँडची नावे घेत सुटतो. समीक्षकांनी ते डोक्यावर घेतले, कारण त्या माणसात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. !!! (तीन उद्गारचिन्हे हेच नाव) या बँडचे २००३ चे न्यूयॉर्कच्या माजी महापौरांना चिमटा काढणारे गाणे शहरातल्या नाचबंदीच्या नियमांवर होते, म्हणून त्यातली टवाळी राजकारण ठरली. रेड हॉट चिली पेपर्स हे मोठ्या कंपनीकडचे असले तरी त्यांचे उदाहरण बोलके आहे: त्यांचा १९८४ चा पहिला अल्बम गँग ऑफ फोरच्या अँडी गिलने आणि १९८५ चा दुसरा जॉर्ज क्लिंटनने निर्माण केला, म्हणजे पंक-फंकचे दोन्ही घराण्यांचे गुरू त्यांना लाभले, आणि तरीही त्यांच्याकडे बराच काळ उघड्या अंगाने उड्या मारणारी मुले म्हणूनच पाहिले गेले. ‘अंडर द ब्रिज’ या एकटेपणावरच्या संथ गाण्याने १९९२ मध्ये अमेरिकी यादीत दुसरा क्रमांक गाठला, तेव्हा त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली. तुम्हाला कोणीतरी ‘एक गंभीर गाणे टाका’ असा सल्ला देईल तो याच अनुभवावरून. तसे गाणे तुमच्याकडे खरोखर असेल तर जरूर टाका. केवळ परवाना म्हणून टाकलेले गाणे ऐकणाऱ्याला लगेच कळते, आणि बाकीची नऊ गाणी वरवरची होती अशी कबुली दिल्यासारखे होते.

आता तुमच्या परीक्षणांकडे वळते. आकड्यांना फार महत्त्व देऊ नका. समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउने १९६९ पासून ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात अक्षरी श्रेणी दिल्या, पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने शून्य ते दहा या मापात दशांशापर्यंत गुण दिले, आणि २००१ पासून मेटाक्रिटिकसारखी स्थळे वेगवेगळ्या मापांतले गुण शंभरावर आणून त्यांची सरासरी काढू लागली. विनोदी बँडच्या बाबतीत ही सरासरी हमखास फसवते. विनोद कोणाला भिडतो, कोणाला मुळीच भिडत नाही. म्हणजे खरी दाद दोन टोकांना असते, आणि सरासरी मात्र मधल्या ओसाड जागेचा आकडा दाखवते, जिथे एकही खरा ऐकणारा उभा नसतो. तुमच्या दोन परीक्षणांत नऊ आणि तीन गुण असतील, तर सहा हा आकडा कोणाचेच मत नाही.

आकड्यांऐवजी मजकुरात काय शोधायचे ते सांगते. परीक्षकाने कोणत्या गाण्यांची नावे घेतली आहेत ते पाहा. पहिल्या तीनच गाण्यांची असतील तर पुढचे त्याने अर्धवट कानाने ऐकले असण्याची शक्यता मोठी आहे. वाद्याचे नाव आणि त्यासोबत क्रियापद आले आहे का ते पाहा: ‘बेस ढकलतो’, ‘गिटार खरवडते’, ‘ड्रम मागे राहतो’. असे एक वाक्य असलेले प्रतिकूल परीक्षण, विशेषणांनी भरलेल्या अनुकूल परीक्षणापेक्षा तुमच्या जास्त कामाचे आहे. तुलना कोणाशी केली आहे तेही पाहा, कारण विनोदी म्हणून दुसऱ्या विनोदी बँडशी केलेली तुलना आणि ठेक्यावरून केलेली तुलना यांतून परीक्षकाने काय ऐकले ते स्पष्ट होते. तुम्ही पाठवलेल्या परीक्षणांत वाजवण्याबद्दलचे क्रियापद एकाच ठिकाणी आले आहे, आणि ते ‘गंमत ओसरते’ म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाच्या लिखाणात आहे. पाचव्या गाण्यात ‘बँड थबकतो आणि पुन्हा सुरू होतो तोवर ओळ शिळी झालेली असते’ असे त्याने म्हटले आहे. बाकी सगळी परीक्षणे बाजूला ठेवा आणि हे वाक्य भिंतीवर लावा.

कारण त्याचे म्हणणे बरोबर आहे. मी अल्बम तीनदा सलग ऐकला. पाचव्या गाण्यात, आणि त्याआधी दुसऱ्यातही, मुख्य विनोदी ओळ येते तेव्हा तुम्ही ठेका तोडता: बेस थांबतो, ड्रम थांबतो, शांततेत ओळ ऐकू येते आणि मग सगळे पुन्हा समेवर उतरतात. मैफलीत हे जोरदार लागू पडत असेल, कारण समोर माणसे असतात, ती हसतात आणि ती फट त्यांच्या हसण्याने भरून निघते. रेकॉर्डवर ती फट रिकामीच राहते. पहिल्या वेळी ओळीचे नावीन्य तिला भरते. दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला पुढची ओळ ठाऊक असते आणि त्याला नुसती वाट पाहावी लागते. त्याहून मोठे नुकसान असे की, ठेका थांबवून तुम्ही स्वतःच परीक्षकाला सांगता की विनोद इकडे आहे आणि संगीत तिकडे. मग त्याने दोन्ही वेगळे करून लिहिले, आणि संगीताला जागा उरली नाही, तर त्याला पूर्ण दोष देता येत नाही. डेल्टा ५ चे गाणे पुन्हा ऐका, मुद्दाम बेसवर कान ठेवून. चाळीसहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, ॲपलने ते आपल्या जाहिरातीत वापरले तेव्हा ते पहिल्यांदा ऐकणारेही हसले. ते गाणे शिळे झाले नाही, याचे मोठे कारण त्यात वाट पाहायला लावणारी जागाच नाही, हे आहे.

दुसऱ्यांदा ऐकताना टिकणारा विनोद दोन प्रकारचा असतो. एक, जो ठेक्यात विणलेला असतो आणि म्हणून सुरावटीसारखा पुन्हा पुन्हा हवासा वाटतो. दुसरा, जो पहिल्यांदा कळतच नाही. मिनटमेन या कॅलिफोर्नियाच्या बँडच्या १९८४ च्या ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ या दुहेरी अल्बमचे शीर्षक म्हणजे महामार्गावरच्या ट्रकचालकांच्या बोलीतली कोटी आहे (‘डबल निकल्स’ म्हणजे ५५). मुखपृष्ठावर बँडचा बेसवादक माइक वॉट गाडी चालवतो आहे आणि वेगाचा काटा ताशी बरोबर ५५ मैलांवर, म्हणजे कायद्याच्या मर्यादेवर आहे. वेगमर्यादा मोडण्याची फुशारकी मारणाऱ्या तेव्हाच्या एका लोकप्रिय रॉक गाण्याला दिलेले ते उत्तर होते, की आम्ही गाडी नेमस्त चालवू आणि धाडस संगीतात करू. हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि वॉटने पुढे मुलाखतींत ते उलगडून सांगितले. तरी अल्बमची थोरवी समीक्षेने पहिल्यापासून मान्य केली, कारण त्यातली चाळीसहून अधिक छोटी गाणी वाजवण्याच्या बळावर उभी होती आणि विनोद त्यांच्या खाली शांतपणे वाहत होता.

आता मिक्सबद्दल, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र बसवण्याबद्दल, कारण परीक्षणांत बेस न येण्याचे एक कारण तिथे दडलेले आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. परीक्षणासाठी पाठवलेली फाइल अनेकदा लॅपटॉपवर किंवा फोनवर पहिल्यांदा ऐकली जाते, आणि त्या स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचे फारसे काही बाहेर पडत नाही. मग उरतो तो मधल्या पट्ट्यातला आवाज, म्हणजे गायक. तुमच्या मिक्समध्ये बेस स्वच्छ, गोल आणि खोल आहे, चांगल्या स्पीकरवर तो सुरेख लागतो. पण लहान स्पीकरवर तो नाहीसा होतो आणि गायक एकटाच विनोद सांगतो आहे असे ऐकू येते. बेसला थोडे डिस्टॉर्शन (आवाजाला खरखरीतपणा) देऊन त्याचे वरचे सुसंवादी स्वर उघडे करा, तारेवर बोट आपटल्याचा आवाज कापू नका, आणि गायकाला ठेक्याच्या वर ठेवण्याऐवजी ठेक्याच्या पातळीवर आणा. शब्द थोडे अस्पष्ट झाले तर होऊ द्या. ते मिळवण्यासाठी ऐकणारा पुन्हा गाणे लावेल.

प्रसिद्धीपत्रकातही बदल हवा. तुमच्या पत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात ‘वेडे’, ‘विनोदी’, ‘हास्याचा स्फोट’ हे शब्द आहेत, आणि चार परीक्षणांपैकी तिघांत तेच शब्द जसेच्या तसे उतरले आहेत. घाईतल्या लेखकाला तुम्ही जी भाषा द्याल ती तो वापरेल. त्याला वाजवण्याची भाषा द्या: कोणते गाणे कोणत्या ठेक्यावर उभे आहे, ते एका दमात थेट रेकॉर्ड केले आहे का, दोन गिटार एकमेकींना कुठे टाळतात. विनोदाचा उल्लेखच करू नका; तो ज्याचा त्याला सापडू द्या, कारण स्वतः शोधलेला विनोद परीक्षक अभिमानाने सांगतो. गाण्यांचे शब्द छापून पाठवण्याची प्रथाही या अल्बमपुरती बंद करा. शब्द कागदावर समोर असले की डोळे कानांच्या पुढे धावतात आणि प्रत्येक विनोद त्याच्या वेळेच्या आधी फुटतो.

परीक्षणांना जाहीर उत्तरे देऊ नका. प्रायमसने या बाबतीत जे केले ते मला फार आवडते. १९८९ मध्ये स्वतःच्या लेबलवर पहिला अल्बम काढणाऱ्या या बँडचे चाहतेच मैफलीत ‘प्रायमस टाकाऊ आहे’ अशी आरोळी ठोकतात, आणि बँडने ते घोषवाक्य म्हणून स्वीकारले; कोणत्याही परीक्षकाला त्याहून वाईट लिहिण्याची सोय उरली नाही. १९९३ चा त्यांचा ‘पोर्क सोडा’ अमेरिकी यादीत थेट सातव्या क्रमांकावर आला. मात्र ही युक्ती त्यांना पेलली, कारण त्यांचा बेसवादक लेस क्लेपूल याच्या वादनाबद्दल कट्टर विरोधकालाही बोलता येत नव्हते.

पुढच्या अल्बमच्या तयारीत पाचवे गाणे पुन्हा उभे करा आणि या वेळी ओळीखाली ठेका अखंड चालू ठेवा; निदान मैफलीत तसे वाजवून पाहा आणि लोक कुठे हसतात ते रेकॉर्ड करा. हसू ओळीच्या शेवटी येण्याऐवजी त्यानंतरच्या समेवर आले, तर गाणे जमले असे समजा. आणि ज्या परीक्षकाने ते थबकणे टिपले त्याला नव्या अल्बमची प्रत सर्वांत आधी पाठवा, सोबत कसलेही स्पष्टीकरण न देता. चार परीक्षकांपैकी तुमच्या ड्रमरचे वाजवणे ऐकलेला तो एकटाच आहे.